बी.एड. नसताना थायलंडच्या शाळेत शिकवायचं असेल तर

बी.एस्सी. किंवा एम.ए. झालेली, कोचिंग क्लासमध्ये नाहीतर महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलंमुली मला सतत एक प्रश्न विचारतात. बी.एड. केलेलं नाही, टीईटी दिलेली नाही, पवित्र पोर्टलवरच्या भरतीत आपला नंबर लागण्याचा प्रश्नच नाही. मग परदेशात तरी शाळेत शिकवता येईल का? येतं. पण कुठल्याही देशात नाही आणि कुठल्याही वाटेने नाही.

आखातातल्या सीबीएसई शाळा सहसा बी.एड. मागतात. ते नसेल तर तिकडे अर्ज करत बसू नका. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, बी.एड. नसलेल्या भारतीयाला त्यात वाट नाही. चीनमध्येही इंग्रजी शिकवण्यासाठी याच देशांच्या पासपोर्टला पसंती असते. उरतो तो आग्नेय आशिया, आणि त्यातही सगळ्यात स्पष्ट वाट थायलंडची आहे. म्हणून हा लेख फक्त थायलंडबद्दल.

तिथला नियम असा. नियमित शाळेत शिकवायचं तर 'ख्रूसफा' या शिक्षक परिषदेचा परवाना लागतो. पण शिक्षणशास्त्राची पदवी नसलेला पदवीधर एखाद्या शाळेला हवा असेल, तर ती शाळा त्याच्यासाठी तात्पुरती परवानगी मागू शकते. ही परवानगी दोन वर्षांची असते. हजारो फिलिपिनो, भारतीय आणि आफ्रिकी शिक्षक याच परवानगीवर तिथे उभे आहेत. अर्ज मात्र शाळा करते, तुम्ही नाही. त्यामुळे पुढे जे जे सांगतो आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: जी शाळा तुमचे कागद स्वतःहून करून देते, तीच नोकरी. जी 'आधी या, कागदांचं नंतर बघू' म्हणते, ती नोकरी धरू नका, पगार कितीही सांगितला तरी.

पात्रता आधी घरी बसून तपासा

पदवी हवीच. कोणत्याही शाखेची चालते, पण पूर्ण झालेली हवी आणि हातात पदवी प्रमाणपत्र हवं. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर, म्हणजे प्रोव्हिजनलवर, पुढच्या टप्प्यात अडकायला होतं. दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरायचा राहून गेला असेल तर आजच भरा.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. आपला पासपोर्ट 'नेटिव्ह' म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या यादीत नसल्यामुळे शाळा इंग्रजीचा पुरावा मागतात. तिथे टोइक ही परीक्षा जास्त चालते आणि 600 किंवा त्याहून जास्त गुण विचारले जातात. आयेल्ट्स दिली असेल तर तीही दाखवता येते. एम.ए. इंग्रजी झालेल्यांनाही हा पुरावा मागतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, परीक्षा देऊन टाका.

तिसरं, टीईएफएल म्हणजे परक्या भाषकांना इंग्रजी शिकवण्याचा छोटा कोर्स. 120 तासांचे ऑनलाइन कोर्स सगळीकडे मिळतात. हा कोर्स बी.एड.ची जागा घेत नाही आणि ख्रूसफाचा परवानाही मिळवून देत नाही. तरी कधीच वर्गावर उभे राहिला नसाल तर करा, कारण त्यात धड्याची आखणी शिकवतात आणि मुलाखतीत त्याचा उपयोग होतो. क्लासमध्ये तीन-चार वर्षं शिकवलं असेल तर त्या क्लासच्या लेटरहेडवरचं अनुभवपत्र जास्त मोलाचं आहे. 'नोकरीची हमी' देणारे महागडे कोर्स घेऊ नका.

इंग्रजीपेक्षा तुमचा विषय पुढे करा

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. बहुतेक मुलं 'इंग्लिश टीचर' म्हणून अर्ज करतात आणि निराश होतात. जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की नेटिव्ह स्पीकर हवा, आणि काही शाळांना खरं तर गोरा चेहरा हवा असतो. हे अन्यायाचं आहे आणि आहे ते आहे. त्या रांगेत ताटकळण्याऐवजी शेजारच्या दारात जा.

थायलंडच्या बऱ्याच सरकारी आणि खासगी शाळांमध्ये 'इंग्लिश प्रोग्राम' किंवा 'मिनी इंग्लिश प्रोग्राम' चालतो. त्यात गणित, विज्ञान, संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवतात. पालक त्यासाठी जास्त फी भरतात. अशा वर्गांना गणित येणारा आणि इंग्रजीतून सांगू शकणारा शिक्षक हवा असतो, आणि तो मिळवताना शाळांना अडचण येते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा संगणक घेऊन बी.एस्सी. केलेल्या मराठी मुलाची जागा इथे आहे. भारतीय माणूस गणितात पक्का असतो, असा तिथेही समज आहे. तो या वेळी तुमच्या बाजूने काम करतो. पदवीतला विषय आणि शिकवायचा विषय एकच असला की परवानगीचा कागदही सोपा जातो.

कला शाखेच्या मुलांनी काय करायचं? तुमच्यासाठी बालवाडी, ज्याला तिथे अनुबान म्हणतात, आणि प्राथमिक वर्ग आहेत. लहान मुलांच्या वर्गात गाणी, चित्रं, खेळ यांची तयारी असेल तर शाळा पासपोर्टकडे कमी बघतात. प्रथोम 1 ते 6 म्हणजे प्राथमिक, मथ्थयोम 1 ते 6 म्हणजे माध्यमिक; जाहिराती वाचताना हे शब्द सतत भेटतील.

पगाराचं स्पष्ट सांगतो. छोट्या शहरातल्या शाळेत भारतीय शिक्षकाला साधारण 18 ते 25 हजार बात महिना मिळतो. इंग्लिश प्रोग्राममध्ये विषयशिक्षकाला त्याहून थोडा जास्त. त्याच शाळेत, त्याच तासांना इंग्रज किंवा अमेरिकन शिक्षक 35 हजार घेत असेल. एक बात अडीच-पावणेतीन रुपयांचा धरा. बँकॉकबाहेर खोलीचं भाडं 4 ते 6 हजार बात, रस्त्यावरच्या दुकानातलं एक जेवण 50-60 बात. म्हणजे काटकसरीने राहिलात तर थोडी शिल्लक पडते. घरचं मोठं कर्ज फेडायच्या हिशेबाने मात्र जाऊ नका.

कागदपत्रं: इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

पहिल्यांदा पासपोर्ट उघडून शेवटच्या पानांवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असं छापलंय का बघा. दहावीची गुणपत्रिका न जोडता पासपोर्ट काढला असेल, तर पदवीधर असूनही तो शिक्का राहिलेला असतो. ज्या 18 देशांत नोकरीसाठी जाताना ईसीआर पासपोर्टधारकाला सरकारची परवानगी लागते, त्यात थायलंड आहे. दहावी पास असलेल्याला हा शिक्का काढून घेता येतो. पासपोर्ट सेवा केंद्रात नव्याने अर्ज करून हे आधी उरकून घ्या, नाहीतर मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी कळेल.

मग नाव. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि काही वेळा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. दहावीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग एक, पदवीवर दुसरं, एखादं 'ए' जास्त. आपल्याकडे कोणी विचारत नाही. तिथला कारकून मात्र पासपोर्ट आणि पदवी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. फरक मोठा असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्या. क्रमाचा किंवा एखाद्या अक्षराचा असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद दोन्ही बरोबर घ्यावीत. माझ्या ओळखीतल्या मुलींचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे, शिकवण्यात नाही.

पदवीचं साक्षांकन टप्प्याटप्प्याने होतं: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारकडून, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालय. थायलंड हेग अपोस्टिल कराराच्या, म्हणजे एका देशाचे साक्षांकित कागद दुसऱ्याने थेट मानण्याच्या कराराच्या, बाहेर राहिलेला देश आहे. म्हणून नुसतं अपोस्टिल करून भागेल असं धरून चालू नका. परराष्ट्र मंत्रालयानंतर थायलंडच्या दूतावासाचा शिक्का लागू शकतो. मुंबईत थायलंडचा महावाणिज्य दूतावास आहे. कोणता शिक्का लागेल हे शाळेकडून लेखी विचारून मगच पैसे खर्च करा, कारण शाळा आणि प्रांत बदलला की मागणीही थोडी बदलते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती घेऊन ठेवा. तिथून परत मागवणं फार त्रासाचं असतं, घरच्यांना हेलपाटे पडतात.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं, शुल्क 500 रुपये. हे फार आधी काढू नका, ताजं लागतं. मुलाखत ठरली की अर्ज करा. पासपोर्ट मापाचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे, कॉलरच्या शर्टात, भरपूर काढून घ्या. तिथे प्रत्येक अर्जाला फोटो लागतो.

शोध कधी आणि कुठे

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं. पहिलं सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं, दुसरं नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत चालतं. भरती म्हणून फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत जोरात असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडी पुन्हा. साक्षांकनाचा वेळ धरला तर मेमध्ये शाळेत उभं राहायचं असेल, तर कागदांना दिवाळीच्या सुमाराला हात घाला.

जाहिरातींसाठी अजार्न डॉट कॉम ही तिथली सर्वांत जुनी आणि ओळखीची जागा. फेसबुकवर प्रांतवार गट आहेत. बँकॉक, फुकेत, पटाया यांच्या मागे लागू नका. ईसान म्हणजे ईशान्येचा भाग, तिथली खोन केन, उदोन थानी, उबोन राचथानी अशी शहरं, किंवा मधल्या मैदानी भागातले लहान प्रांत बघा. तिथे परदेशी शिक्षक कमी टिकतात, म्हणून शाळा कागदांसाठी मेहनत घेते. खर्चही कमी.

शाळा थेट नेमते किंवा एजन्सीमार्फत नेमते. थेट नेमणूक चांगली. एजन्सी शाळेकडून पूर्ण पैसे घेऊन तुम्हाला त्यातला भाग देते, आणि बऱ्याचदा करार 10 किंवा 11 महिन्यांचा असतो. एप्रिलच्या सुट्टीचा पगार नाही. पहिल्या वर्षी एजन्सी घेतली तर गैर नाही, पण करारावर महिने मोजून बघा. भाषाकेंद्रं ही तिसरी जागा: तिथे ख्रूसफाचा परवाना लागत नाही, पण तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात. वर्क परमिट मात्र तिथेही लागतं.

बायोडेटा एका पानाचा करा. वर चेहरा दिसेल असा फोटो, राष्ट्रीयत्व, वय, पदवीचा विषय, इंग्रजी परीक्षेचे गुण, कधीपासून येऊ शकता. फोटो आणि वय लिहिणं तिथे रीतीचं आहे. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडा, स्वतःची ओळख आणि एक छोटी संकल्पना समजावताना. भारतीय उच्चारांबद्दल शाळेच्या मनात जी शंका असते ती वाचून नाही, ऐकून जाते. हळू बोला. आपण मराठी माणसं इंग्रजी भराभर बोलतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं गिळतो.

नमुना तास

ऑनलाइन मुलाखतीत किंवा तिथे पोहोचल्यावर 10-20 मिनिटांचा नमुना तास घ्यायला लावतात. यावर निवड होते. एक तास कसा असावा ते उदाहरणाने सांगतो.

प्रथोम 5, विज्ञान, तरंगणं आणि बुडणं. काचेचं पाण्याने भरलेलं भांडं आणि दोन संत्री. फळ्यावर फक्त तीन शब्द: फ्लोट, सिंक, पील. प्रत्येक शब्द हाताच्या खुणेसह दोनदा म्हणवून घ्यायचा. मग संत्रं दाखवून विचारायचं, तरंगेल की बुडेल? तरंगेल वाटतं त्यांनी हात वर, बुडेल वाटतं त्यांनी खाली. टाकायचं. सालीसकट तरंगतं. दुसरं सोलायचं, परत हात वर-खाली, परत टाकायचं. ते बुडतं. वर्गात गलका होतो. आता कारण: सालीत हवा अडकलेली असते. एवढंच. आर्किमिडीज नको, व्याख्या नको.

'समजलं का?' असं विचारू नका. सगळी मुलं मान डोलावून हो म्हणतील, कारण शिक्षकाला नाही म्हणणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. हाताने, चित्राने, जोडीला सांगून दाखवायला लावा. आवाज चढवायचा नाही, मुलाला सर्वांसमोर लाजवायचं नाही. आपल्याकडच्या क्लासमधली 'एवढं पण येत नाही?' ही सवय इथेच सोडून जा. तिने तिथे नोकरी जाते आणि जायलाच हवी.

करार आणि व्हिसा, तिकिटाच्या आधी

निवड झाली की करार इंग्रजीत मागवा. महिन्याचा पगार, पगाराचे महिने, आठवड्याचे तास (20 ते 25 तासांपलीकडे असेल तर विचार करा), व्हिसा आणि वर्क परमिटचा खर्च कोणाचा, आजारपणाची रजा, मध्ये सोडल्यास काय. शनिवारचे इंग्लिश कॅम्प, गेटवरची ड्युटी, परीक्षेचे पेपर काढणं हे कामात धरलंय का तेही विचारा. मूळ पदवी किंवा पासपोर्ट ठेवून घेणारी शाळा असेल तर नकार द्या. बघायला दाखवायचं, ताब्यात द्यायचं नाही.

मग नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा. शाळा नेमणुकीचं पत्र, स्वतःच्या नोंदणीचे कागद आणि वर्क परमिटची पूर्वसंमती पाठवते. त्यांच्या जोरावर तुम्ही थायलंडच्या ई-व्हिसा पोर्टलवर भारतातून अर्ज करता. हा व्हिसा 90 दिवसांचा असतो. त्या काळात शाळा ख्रूसफाची तात्पुरती परवानगी आणि कामगार मंत्रालयाकडून वर्क परमिट मिळवते, आणि नंतर इमिग्रेशन कार्यालय वर्षाची मुदतवाढ देतं.

आता मोह कुठे होतो ते बघा. भारतीयांना पर्यटनासाठी थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जाता येऊ लागल्यापासून 'तसेच या, सोमवारपासून शिकवा, व्हिसा इथे बदलून घेऊ' असं सांगणारे वाढले आहेत. पर्यटक म्हणून येऊन शिकवणं बेकायदेशीर आहे. परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर 5 ते 50 हजार बात दंड आणि देशाबाहेर रवानगी. शाळेत तपासणी आली की शाळा हात झटकते. परवाना नसलेला शिक्षक त्यांच्या वहीत नसतोच.

आणि याहून गंभीर गोष्ट. 2022 पासून भारताचं परराष्ट्र मंत्रालय वारंवार सावध करतं आहे की थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावडीकडे नेतात आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करून घेतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी सीमेवरच्या माए सोत गावातून पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. महाराष्ट्रातली मुलंही या जाळ्यात सापडलेली आहेत. म्हणून हे कायम लक्षात असू द्या: शाळा नमुना तास घेतल्याशिवाय नेमत नाही, डॉलरमध्ये पगार सांगत नाही, टायपिंगचा वेग विचारत नाही, टेलिग्रामवर तिकीट पाठवत नाही. विमानतळावर उतरल्यावर गाडी ठरलेल्या प्रांताऐवजी सीमेकडे जायला लागली तर पोलिसांना गाठा. निघण्याआधी शाळेचं नाव नकाशावर शोधा, फेसबुक पानावर मुलांचे, झेंडावंदनाचे फोटो बघा, जुन्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा. शाळा खरी असेल तर आनंदाने जोडून देते.

भारतातल्या एजंटमार्फत जात असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडून उठून या.

पैशाची तयारी म्हणाल तर तिकीट सोडून किमान लाखभर रुपये जवळ हवेत. खोलीला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं द्यावं लागतं, पहिला पगार महिना भरल्यावर येतो, आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत बँक खातं उघडायलाही अडचण येते.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

घरमालकाने तुमच्या राहण्याची नोंद 24 तासांत इमिग्रेशनकडे करायची असते. त्या अर्जाला टीएम 30 म्हणतात. मालक टाळाटाळ करतात. शाळेतल्या थाई सहकाऱ्याला बरोबर घेऊन करून घ्या, कारण ती पावती मुदतवाढीच्या वेळी मागतात. त्यानंतर दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. आणि दिवाळीला घरी यायचं ठरलं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, एका वेळचं 1000 बात. ते न काढता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून.

शाळेचा दिवस आठच्या सुमारास झेंडावंदनाने सुरू होतो. त्याआधी तुम्ही मैदानात हवेत. मुलं हात जोडून वाइ म्हणजे नमस्कार करतात आणि तुम्हाला 'ख्रू' म्हणजे शिक्षक म्हणतात. पुरुषांनी कॉलरचा शर्ट, पँट, बूट. स्त्रियांनी गुडघ्याखालचा स्कर्ट किंवा साधा सलवार-कुर्ता, तोही आधी विचारून. सोमवारी बऱ्याच शाळांत पिवळा शर्ट असतो. मुलांची खरी नावं लांबलचक असतात, पण प्रत्येकाला एक टोपणनाव असतं: आइस, प्लॉय, बँक, बीम. पहिल्या आठवड्यात ती पाठ करा. चाळीस मुलांच्या वर्गात नावाने हाक मारता आली की निम्मी शिस्त आपोआप येते.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाइ ख्रू' हा शिक्षकवंदनेचा सोहळा होतो. मुलं ओळीने गुडघ्यावर पुढे येतात आणि शिक्षकांना फुलांचं तबक देतात. परंपरेने त्यात दूर्वा असतात, वांग्याचं फूल असतं, खेमचं म्हणजे आपल्या एक्झोराचं लाल फूल असतं. दूर्वा भराभर पसरते तशी विद्या वाढावी, वांग्याचं फूल वाकलेलं असतं तसं नम्र राहावं, असा अर्थ मुलांना सांगतात. नव्या शिक्षकाने खुर्चीत अवघडून न बसता तबक दोन्ही हातांनी घ्यावं आणि मुलाला दोन शब्द बोलावेत.

राजघराण्याबद्दल वर्गात, शिक्षककक्षात किंवा समाजमाध्यमांवर काहीही टीका-टिप्पणी, गंमत, मीम नको. कलम 112 खाली 3 ते 15 वर्षं तुरुंगवास आहे आणि परदेशी माणसालाही तो लागू आहे. राष्ट्रगीत सुरू झालं की जागेवर उभे राहा.

शाकाहारी मंडळींसाठी: 'जे' हा शब्द शिका. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो, आणि अशा दुकानात मांस, मासे, अंडी, दूध, इतकंच काय कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी नुसतं 'भाजी द्या' म्हणालात तर त्यात फिश सॉस पडणारच. शिक्षकांच्या जेवणात रोज वेगळं मागणं अवघड जातं, म्हणून सुरुवातीला राइस कुकर घ्या आणि डबा न्या. मूगडाळ बाजारात सहज मिळते.

शिकवण्या घेण्याची सवय असेल तर थांबा. वर्क परमिट विशिष्ट मालकाच्या नावावर असतं. दुसरीकडे तास घ्यायचे तर आधी शाळेची संमती आणि रोजगार विभागात नोंद. बँकॉकमधल्या भारतीय दूतावासात स्वतःची नोंद करून ठेवा, आणि पगार थकला किंवा पासपोर्ट अडकवला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते हे लक्षात असू द्या.

दोन वर्षांनंतर

तात्पुरती परवानगी कायम वाढत राहत नाही. तिथे रमलात आणि राहायचं ठरवलं, तर पहिल्याच वर्षी शाळेत विचारून घ्या की ख्रूसफाच्या नियमित परवान्यासाठी सध्या कोणता अभ्यासक्रम मान्य आहे. थायलंडच्या काही विद्यापीठांत नोकरी सांभाळून करता येण्याजोगी अध्यापनाची पदविका असते. परत येऊन बी.एड. करायचा विचार असेल तर तोही चांगला, मग आखाताचं दारही उघडतं.

शाळा बदलताना घाई करू नका. नोकरी संपली की व्हिसाची मुदतवाढही संपते, त्यामुळे नव्या शाळेचे कागद तयार झाल्यावरच जुनीचा राजीनामा, आणि दोघींच्या तारखा एकमेकींना जुळवून. जुन्या शाळेकडून वर्क परमिट रीतसर रद्द केल्याचा कागद आणि लेटरहेडवरचं इंग्रजी अनुभवपत्र घ्या. त्यात विषय, इयत्ता, आठवड्याचे तास आणि नेमक्या तारखा असू द्या. मार्चमध्ये परीक्षा संपल्या की मुख्याध्यापक आणि कार्यालयातली मंडळी सुट्टीवर जातात, सही करायला कोणी भेटत नाही. फेब्रुवारीतच मागून ठेवा.